दुसरा गाल म्हणजे कोणता गाल?



"तुमचे काय बुवा, एका गालावर मारली की दुसरा गाल पुढे करणार!" हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकले नाही? लोकलच्या डब्यात, ऑफिसात, शाळेच्या शिक्षकखोलीत, कधी थट्टेने तर कधी चिडून ते आपल्याला ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांपैकी अर्ध्यांना वाटते की हे गांधीजींचे वचन आहे. २००६ साली आलेल्या 'लगे रहो मुन्नाभाई' ह्या चित्रपटातला तो प्रसंग आठवतो ना? पहारेकरी मुन्नाच्या एका गालावर मारतो, मुन्ना बापूंचे ऐकून दुसरा गाल पुढे करतो, पहारेकरी त्यावरही लगावतो. मग मुन्ना त्याला ठोसा देऊन खाली पाडतो, कारण दुसऱ्या गालावरही मारली तर काय करायचे हे बापूंनी सांगितलेले नसते. सगळे थिएटर हसले, आपणही हसलो.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. ही म्हण मराठीत दोनच अर्थांनी वापरली जाते. एक, 'भित्रा माणूस'. दोन, 'निमूटपणे सहन कर'. पहिला अर्थ बाहेरचे लोक आपल्याला चिकटवतात. दुसरा अर्थ आपण एकमेकांना चिकटवतो, आणि तो अधिक धोक्याचा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी आम्हाला एक कबुली द्यावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी आमच्यापैकी काही जणांकडे आली. नवरा पिऊन मारहाण करीत असे. दंडावरचे वळ तिने पदराने झाकले होते. आम्ही तिचे ऐकून घेतले, चहा दिला आणि म्हणालो, "ताई, जरा सहन कर. प्रभूनेच सांगितले आहे ना, दुसरा गाल पुढे करावा म्हणून? मुलांकडे बघ. रोज जपमाळ कर, सगळे ठीक होईल." आम्ही हे चांगल्या मनाने सांगितले होते. ती मान हलवून घरी गेली. त्याच पावसाळ्यात तिचा हात मोडला. दवाखान्यात तिने सांगितले की ओटीवर पाय घसरला.

त्यानंतर आमच्या बायबल अभ्यास मंडळात हा उतारा आम्ही पुन्हा काढला. तेव्हा जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

हा उतारा मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरील प्रवचनात आहे (५:३८-४२). 'अ' वर्षात सामान्य काळाच्या सातव्या रविवारी तो वाचला जातो. गंमत अशी, की उपवासकाळ लवकर सुरू झाला तर हा रविवार गळतो. २०२३ साली १९ फेब्रुवारीला आपण तो ऐकला. २०२६ साली राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि हा रविवार गळाला. म्हणजे जे वचन जगभर म्हण होऊन बसले आहे, ते रविवारच्या मिस्सात क्वचितच कानी पडते. कदाचित म्हणूनच आपणही ते शुभवर्तमानातून न शिकता म्हणीतूनच शिकलो.

प्रभू येशू सुरुवात करतो ती 'डोळ्याबद्दल डोळा आणि दाताबद्दल दात' ह्या जुन्या नियमापासून. आपल्या भाषेत 'जशास तसे'. हा नियम आज रानटी वाटतो, पण मुळात तो सूडाला घातलेला बांध होता. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की आपला सूड सत्त्याहत्तर पटींनी घेतला जाईल. अशा जगात मोशेच्या नियमशास्त्राने सांगितले की एका डोळ्याबद्दल एकच डोळा, त्याहून जास्त नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून काय होते ते आठवा. एकाने बांध वीतभर सरकवला म्हणून दुसऱ्याने पाण्याचा पाइप तोडला, त्याबद्दल पहिल्याने नारळीची रोपे उपटली, आणि आज तिसरी पिढी कोर्टाच्या तारखा घेत आहे. 'जशास तसे' म्हणणारे आपण प्रत्यक्षात लामेखाचे वारस असतो. हिशेब कधी बरोबरीत सुटतच नाही.

येशू त्या बांधाच्याही पुढे जातो. तो म्हणतो की दुष्टाचा त्याच्याच पद्धतीने प्रतिकार करू नका. 'त्याच्याच पद्धतीने' हे शब्द आमचे आहेत, पण ते घालायला आधार आहे. मूळ ग्रीक भाषेत येथे जे क्रियापद आहे, तेच याकोब आपल्या पत्रात वापरतो (४:७), पेत्रही वापरतो (१ पेत्र ५:९), आणि तेथे ते दोघे आपल्याला सैतानाचा प्रतिकार करायला सांगतात. वाईटाला अजिबात विरोध करायचा नाही, असा येशूचा अर्थ असता, तर त्याच्याच प्रेषितांनी नेमके उलटे शिकवले असे म्हणावे लागेल. शिवाय मंदिरातली सराफांची चौरंगे उलथणारा येशू आपण सारे जाणतोच.

आता गालाकडे वळू या. मत्तय नुसते 'गाल' म्हणत नाही, तो म्हणतो 'उजवा गाल'. लूकच्या शुभवर्तमानात (६:२९) 'उजवा' हा शब्द नाही, मत्तयने तो जपून ठेवला आहे. घरी एक प्रयोग करून पाहा. कोणाला तरी समोर उभे करा (मारू नका!) आणि आपला उजवा हात त्याच्या उजव्या गालाकडे न्या. सरळ तळवा तेथे पोहोचत नाही, तो त्याच्या डाव्या गालावर जातो. उजव्या गालावर मारायचे तर हात उलटा करावा लागतो. डाव्या हाताने का मारू नये, असे कोणी विचारील. पण डाव्या हाताने प्रसाद घेतला तर आजही आपल्याकडे आजी ओरडते. त्या काळच्या यहुद्यांतही तसेच होते. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे जी जुनी गुंडाळी सापडली, तिच्यात डाव्या हाताने नुसता हातवारा करणाऱ्या सभासदालाही दहा दिवसांचे प्रायश्चित्त सांगितले आहे.

मग उलट्या हाताची थप्पड कोण कोणाला मारतो? मालक गुलामाला, साहेब नोकराला, बलवान दुबळ्याला. तिने हाडे मोडत नाहीत, माणूस मोडतो. सुमारे इसवी सन २०० मध्ये लिहून ठेवलेल्या 'मिश्ना' ह्या यहुदी नियमसंग्रहात मारहाणीचे दंड दिले आहेत. त्यांत ठोशापेक्षा थपडेचा दंड कितीतरी जास्त आहे, दोनशे झूझ. आणि उलट्या हाताने मारली तर त्याच्या दुप्पट, चारशे झूझ! झूझ हे नाणे साधारणपणे रोमी दिनाराएवढे, आणि दिनार म्हणजे द्राक्षमळ्यातल्या मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). म्हणजे वर्षभराच्या कमाईहून जास्त दंड, जखमेसाठी नव्हे तर अपमानासाठी.

आता दुसरा गाल पुढे करून पाहा. मारणाऱ्याची पंचाईत होते. उलटा हात आता बसत नाही. मारायचे असेल तर सरळ तळव्याने मारावे लागेल, बरोबरीच्या माणसाला मारतात तसे. थप्पड खाणारा न ओरडता सांगत असतो की तू मला खाली ढकलायला निघालास, मी खाली गेलो नाही, मी येथेच तुझ्यासमोर उभा आहे. वॉल्टर विंक (१९३५-२०१२) ह्या अमेरिकन अभ्यासकाने हा अर्थ विशेष पुढे आणला. सर्वच अभ्यासक त्याच्याशी संपूर्ण सहमत नाहीत. काहींच्या मते येथे फक्त अपमान गिळण्याची शिकवण आहे. पण पुढची दोन उदाहरणे वाचली की आम्हाला विंकचे म्हणणे जवळचे वाटते.

पहिले उदाहरण कोर्टातले. तुझा अंगरखा घेण्यासाठी कोणी फिर्याद केली, तर त्याला वरचा झगाही देऊन टाक. हा झगा म्हणजे आपल्याकडची धनगराची घोंगडी समजा, दिवसा पांघरायची, रात्री अंथरायची. गरिबाचे ते अंथरूण असते, म्हणून सावकाराने ते गहाण घेतले तरी सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे, असा नियमशास्त्राचा दंडक होता (निर्गम २२:२६-२७). त्या काळचा साधा माणूस अंगावर वस्त्रे घालायचा ती दोनच. दोन्ही काढून दिली म्हणजे कर्जदार भर न्यायालयात उघडा उभा राहिला. लाज कोणाची गेली? ज्याने त्याला तेथवर आणले, त्याची!

दुसरे उदाहरण मैलाचे. रोमी शिपाई रस्त्यात कोणालाही पकडून त्याच्या पाठीवर ओझे देऊ शकत असे. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे, वेठ. 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण वेठीला गेलेल्या माणसाचे दुःख त्यातून केव्हाच गळून गेले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारली बांधवांना विचारा. १९४५ साली त्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तेव्हा हा शब्द त्यांच्या पाठीवर होता. मत्तयने येथे वापरलेले क्रियापद पुढे एकदाच पुन्हा येते, कुरेनेकर शिमोनाला येशूचा क्रूस वाहायला लावले तेथे (२७:३२). तर येशू म्हणतो की शिपायाने एक मैल नेले तर तू दोन मैल जा. पहिला मैल शिपायाच्या हुकमाचा. दुसऱ्या मैलावर हुकूम कोणाचा आहे? शिपाई गोंधळून 'अरे, ठेव आता ओझे' म्हणत मागे धावत असेल, असे चित्र आमच्या मंडळातल्या एका काकींनी रंगवले, आणि आम्ही सारे खूप हसलो. पण काकींचे म्हणणे बरोबर होते. वेठीला धरलेला माणूस त्या दुसऱ्या मैलावर वेठबिगार राहत नाही.

तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. दुबळा माणूस मारत नाही, पळत नाही आणि लोळणही घेत नाही. ह्या तिसऱ्या वाटेला मराठीत म्हण नाही. आपल्याकडे 'जशास तसे' आहे, 'दात ओठ खाऊन गप्प बसणे' आहे, दोन्हींच्या मधले काही नाही.

येशूने स्वतः काय केले, हे तर योहानाने लिहूनच ठेवले आहे (१८:२२-२३). हन्नासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूच्या तोंडात मारतो. म्हणीप्रमाणे येशूने तेथे मुकाट्याने दुसरा गाल पुढे करायला हवा होता. तसे होत नाही. तो मारणाऱ्याकडे वळतो आणि विचारतो की मी चुकीचे बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मारलेस का? हात बांधलेला कैदी शिपायाकडे जाब मागतो. त्या शिपायाने काय उत्तर दिले, हे योहान सांगत नाही. आमच्या मते हाच खरा दुसरा गाल. झावळ्यांच्या रविवारी आपण यशयाचे जे वाचन ऐकतो (५०:४-७), त्यातही मारणाऱ्यांपुढे गाल करणारा देवाचा सेवक आहे, पण लगेच पुढच्या ओवीत त्याचा चेहरा गारगोटीसारखा कठीण झालेला आहे. आपण गाल लक्षात ठेवला आणि गारगोटी विसरलो.

पौलाचेही तसेच. यरुशलेमेत चाबकाचे फटके मारण्यासाठी त्याला बांधले, तेव्हा तो सहन करीत बसला नाही. आपण रोमी नागरिक आहोत, चौकशीविना फटके मारणे कायद्यात बसते का, असे त्याने शताधिपतीला विचारले (प्रेषितांची कृत्ये २२:२५). ख्रिस्तासाठी जो पुढे मान द्यायला तयार झाला, त्याला कायद्याचा आधार घ्यायला लाज वाटली नाही.

गांधीजींकडे हे वचन आले ते लंडनमध्ये विद्यार्थी असताना नवा करार वाचताना. डोंगरावरील प्रवचन थेट हृदयाला भिडले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पण त्यांनी त्याचा अर्थ भित्रेपणा असा कधीच घेतला नाही. उलट, १९२० साली 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिले की भ्याडपणा आणि हिंसा ह्या दोहोंतूनच निवडायचे असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन. आणि २१ मे १९३० रोजी धारासना येथील मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे गेले, डोक्यावर लाठ्या पडत असताना कोणी हातसुद्धा वर केला नाही, एक रांग पडली की दुसरी पुढे. वेब मिलर ह्या अमेरिकन वार्ताहराने ते पाहिले आणि जगभर कळवले. भित्र्यांच्या रांगा अशा नसतात.

मग क्षमेचे काय? हा उतारा इतका 'लढाऊ' करून टाकला तर क्षमा उरते कोठे, असा प्रश्न आमच्या मंडळात एका सिस्टरांनी विचारला, आणि तो योग्य होता. त्याचे उत्तर आम्हाला धन्य राणी मारिया ह्यांच्या कथेत सापडले. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या ह्या सिस्टर मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवण्याचे काम करीत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह ह्या माणसाने त्यांना भोसकून ठार मारले. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली सिस्टर राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले. ह्या कथेत सावकारीला विरोध आहे, न्यायालयाची शिक्षा आहे, अकरा वर्षांचा तुरुंग आहे आणि राखीही आहे. राखी बांधण्यासाठी कोणी खटला मागे घेतला नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीही १९८३ साली आपल्यावर गोळी झाडणाऱ्याची भेट घेतली ती तुरुंगाच्या कोठडीतच. त्यानंतरही तो इटलीत २००० सालापर्यंत कैदेत होता.

आता त्या ताईंकडे परत येऊ. आम्ही त्यांना जे सांगितले, ते कोठे चुकले? प्रभू येशू हे वचन थप्पड खाणाऱ्याशी बोलतो. 'तुझ्या' गालाविषयी बोलतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्या कोणाला 'तू तुझा गाल पुढे कर' म्हणावे, असे त्याने कोठेही सांगितलेले नाही. बाजूच्या माणसासाठी वेगळी कथा आहे, वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल ओतणाऱ्या शमरोन्याची. आम्ही मात्र तेल न देता उपदेश दिला. शिवाय, बंद दाराआड, साक्षीदार नसताना, पिऊन बेभान झालेल्या माणसापुढे केलेला दुसरा गाल कोणालाही लाजवत नाही. तो फक्त दुसरी थप्पड खातो, आणि मुले पडद्याआडून बघत असतात.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे अगदी स्पष्ट आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील कलम ११५३ म्हणते की जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला, अथवा मुलांना, गंभीर धोका असेल तर दुसऱ्या जोडीदाराला वेगळे राहण्यास न्याय्य कारण आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' ह्या पत्रात (परिच्छेद २४१) लिहिले की काही वेळा असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. विवाहबंधन त्याने तुटत नाही. वेगळे राहणे म्हणजे पाप नव्हे, आणि अशा भगिनीला स्नेहसंस्कार घेण्यास आडकाठी नाही. देशाचा कायदाही आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, आणि जिवावरच बेतले असेल तर ११२. पौलाने शताधिपतीला विचारले, तसेच हे विचारणे आहे.

त्या ताईंची पुढची हकीकत त्यांच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. हाताचे प्लास्टर निघाल्यावर त्या मुलांना घेऊन माहेरी गेल्या, आणि जाण्याआधी सासरच्या ओटीवर, दीर-जावांच्या देखत, नवऱ्याला त्यांनी एवढेच विचारले: "माझे काय चुकले म्हणून मारलेस, ते सगळ्यांसमोर सांग." तो खाली बघत राहिला. योहानाचा अठरावा अध्याय त्यांनी तोपर्यंत वाचलेला नव्हता, हे त्यांनीच नंतर आम्हाला सांगितले. तक्रार झाली, आदेश मिळाला. नवरा आता दारू सोडवणाऱ्यांच्या सभांना जातो, काही आठवडे नियमाने, काही आठवडे नाही. ताई त्याच्यासाठी प्रार्थना करतात, पण घरी परतलेल्या नाहीत. परत कधी जाणार, असे त्यांना कोणी मिस्सानंतर आवारात विचारू नये, ही आमची कळकळीची विनंती. विचारायचेच असेल तर त्यांच्या नवऱ्याला आपल्यापैकी कोणी, विशेषतः पुरुषांनी, दर बुधवारी सभेपर्यंत सोबत करील का, हे विचारावे. त्यासाठी आम्हाला दोन माणसे हवी आहेत.

पुढल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये आपण योहान १८ आणि मत्तय ५ एकत्र वाचणार आहोत. आपापले बायबल आणावे. तरुणांनी विशेषतः यावे, ऑफिसात ऐकून घ्यावी लागलेली सगळी टोमणी घेऊन.